ब्रनोचा तिसरा उन्हाळा

लंडनमधल्या ईलिंगहून निघतानाच सुहासनं बहिणीला फोन करून ठेवला होता. "विषय मी काढतो. तू फक्त माझ्या बाजूनं बोल." धम्मशीलानं ते लगेच आईला सांगितलं, कारण कुठलीही गोष्ट तिच्या पोटात एका जेवणापेक्षा जास्त टिकत नसे. त्यामुळे शनिवारी दुपारी मुलगा आणि सून बर्मिंगहॅमच्या घरी पोचले, त्यांनी कोट काढून खुंटीला लावले, तेव्हा चंदाबाईंना सगळं ठाऊक होतं. उंच स्टुलावर बसून त्या रवा-मैदा कुटत होत्या आणि मुद्दाम वर बघत नव्हत्या.

विषय त्यांच्याच प्रवासाचा होता. त्यांचे पती काशीनाथ तरुणपणी चेकोस्लोवाकियात ओतकामाचं इंजिनिअरिंग शिकले होते, ब्रनो शहरात. साडेपाच वर्षं. तिथल्या विद्यापीठानं आता त्या काळच्या परदेशी विद्यार्थ्यांना बोलावलं होतं, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, जोडीदारासह. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. ईमेल आली तेव्हा काशीनाथ म्हणाले, "बघू." चंदाबाई म्हणाल्या, "मला जायचंय." चौसष्ट वर्षांच्या संसारात 'मला'पासून सुरू होणारी वाक्यं त्या फारशी बोलल्या नव्हत्या. घर तेव्हापासून जरा गोंधळलेलं होतं.

"आई, कंबर कशी आहे?" सुहासनं विचारलं.

"कंबर जिथल्या तिथं आहे. खुबा दुखतो. हात धुऊन ये आणि लाट्या कर. उद्या विहारात तीनशे करंज्या द्यायच्या आहेत."

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या करंज्या याच घरातून जायच्या, हे एकतीस वर्षांपासून ठरलेलं होतं. पण सुहास हात न धुताच खुर्चीत बसला.

"हे बघ, मी नाही म्हणतच नाहीये. तू ऑपरेशनच्या वेटिंग लिस्टवर आहेस. तारीख कधीही येईल. तू तिकडे असलीस आणि लेटर आलं तर? एकदा ऑपरेशन होऊ दे, फिजिओ होऊ दे. पुढच्या वर्षी मी स्वतः नेतो तुला."

"पुढच्या वर्षी," चंदाबाई म्हणाल्या.

"आई, दादा बरोबर बोलतोय," धम्मशीला म्हणाली. मग आईकडे न बघता तिनं ओल्या खोबऱ्याचं भांडं उगाचच एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर ठेवलं. "म्हणजे, अगदीच चुकीचं नाही बोलत."

"तुम्ही काय म्हणता?" चंदाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

काशीनाथ पंच्याऐंशी वर्षांचे होते. टेबलाशी बसून ते पेन्सिलीनं कागदावर उद्याच्या कार्यक्रमाचा क्रम लिहीत होते. "सुहासचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे, चंदा. ब्रनो कुठं पळून जातंय."

चंदाबाईंनी पिठाचा गोळा परातीत आपटला. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. पीठ चांगलं व्हायला तसंही आपटावं लागतंच, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. सून अलकानं मात्र वर पाहिलं. ती डॉक्टर होती. बायका दुखणं कुठं लपवतात हे तिला सव्वीस वर्षांच्या सरावानं ठाऊक होतं. तिनं गुपचूप कढई गॅसवर चढवली.

तेवढ्यात धम्मशीलाची मुलगी उर्वी जिन्यावरून धडधडत खाली आली. सतरा वर्षांची, एक पाय मोज्यात आणि एक उघडा.

"आजोबा, प्लीज. माझा प्रेझेंटेशन मंगळवारी आहे आणि मी अजून काहीच केला नाही. वॉरनंतर कम्युनिस्ट देशांची इकॉनॉमी इतकी फास्ट कशी वाढली, आणि मग का थांबली? पुस्तकात ग्राफ आहे. वर, वर, वर, मग फ्लॅट. मला ग्राफ समजतो, पण का ते समजत नाही."

"आकडे खोटे होते," सुहास म्हणाला. तो बँकेत होता. "एवढं लिही, ए-स्टार मिळेल."

"सगळे खोटे नव्हते, दादा," धम्मशीला वळली. ती कौन्सिलच्या युनियनमध्ये होती आणि हा वाद भावाशी ती सोळाव्या वर्षापासून घालत आली होती. "धरणं खोटी होती? शाळा खोट्या होत्या? बायका इंजिनिअर झाल्या त्या खोट्या होत्या?"

"आणि दुकानाबाहेरच्या रांगा?"

"रांग तर तुझ्या एनएचएसच्या सरकारी दवाखान्यातपण आहे. आत्ता तूच सांगत होतास."

काशीनाथांनी पेन्सिल खाली ठेवली. मूल प्रश्न विचारतंय आणि मोठी माणसं आपसांत भांडतायत हे त्यांना सहन होत नसे. विहारातल्या मुलांना त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं. त्या वर्गाचा एकच नियम होता. आपल्याला येत नसेल तर 'येत नाही' म्हणायचं, पण मुलाला चुकीचं सांगायचं नाही.

"उर्वी, इकडं ये. ग्राफ नंतर बघू. आधी करंज्या. ही परात म्हणजे आपला देश. लढाई नुकतीच संपलीय, सगळं मोडून पडलंय. आजी एकटी लाटते आणि भरते, मामी तळते. पंधरा मिनिटं बघ आणि मोज."

पंधरा मिनिटांत चौदा करंज्या झाल्या.

"आता तू आणि तुझी आई बसा."

पुढच्या पंधरा मिनिटांत तीस झाल्या. उर्वीच्या करंज्या कुठल्याशा बेडकासारख्या दिसत होत्या, पण मोजणीत त्या धरल्या गेल्या.

"दुपटीहून जास्त," काशीनाथ म्हणाले. त्यांचा आवाज एकदम तरुण झाला होता. "आपण काही नवीन शोध लावला का? नाही. नुसते रिकामे हात कामाला लावले. खेड्यातले लोक कारखान्यात आणले, घरातल्या बायका आणल्या, त्यांच्या मुलांसाठी पाळणाघरं काढली. सुरुवातीला वाढ अशीच होते, आणि ती खरी असते. खोटी नसते, सुहास. ऊठ. तू आमचा शेवटचा शेतकरी."

सुहास नाइलाजानं उठला. लाटणं त्यानं क्रिकेटच्या बॅटसारखं धरलं. धम्मशीला हसली, मग तोही हसला, आणि दहा मिनिटं प्रवासाचा विषय कोणाच्याच डोक्यात राहिला नाही. ताटं भरत गेली. टेबल भरलं, फ्रिजवरचा ट्रे भरला.

"बाबा," अलका कढईजवळून म्हणाली, "एका वेळी सातच मावतात. आठवी टाकली तर तेल थंड होतं."

"लाटत राहा. आपलं टार्गेट तीनशेचं आहे."

"अहो, पाऱ्या सुकतायत," चंदाबाई म्हणाल्या. "ओला रुमाल पुरत नाहीये. थांबू द्या सगळ्यांना."

"थांबायचं नाही, चंदा. लय तुटते."

पुढच्या घाण्यातल्या पाच करंज्या तेलात फुटल्या. सारण कढईभर पसरलं, गूळ जळला, तेल काळं झालं, आणि छतावरचा स्मोक अलार्म किंचाळायला लागला. सुहास खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालत राहिला. धम्मशीलानं मागचं दार उघडलं. ऑक्टोबरची ओली हवा आत आली.

अलार्म थांबल्यावर काशीनाथ म्हणाले, "बघितलंस? हात वाढवले, कढई एकच. वरून हुकूम की लाटत राहा. माल वाढला, पण खायच्या लायकीचा राहिला नाही. म्हणून ग्राफ फ्लॅट."

"वाव," उर्वी म्हणाली. "तुम्ही मुद्दाम केलं?"

"मग काय?"

चंदाबाईंनी नवऱ्याच्या कानांकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मुद्दाम काही नव्हतं. त्यांचं भानच राहिलं नव्हतं. चंदाबाईंना हसू आलं, आणि ते ओठांतच ठेवून त्या तेल गाळायला उठल्या. पण खुबा असा धरला की ओटा पकडून उभं राहावं लागलं. अलकानं त्यांच्या हातातून झारा काढून घेतला.

उर्वीनं फोन टेबलावर उभा केला. "आजोबा, रेकॉर्ड करते. टीचरला प्रायमरी सोर्स पाहिजे. तुम्ही प्रायमरी सोर्स आहात."

"झालो म्हणायचं शेवटी काहीतरी."

"त्यांनी नवीन कढई का नाही घेतला?"

"घेत होते की. खूप घेत होते. तेच तर." काशीनाथांनी एक चांगली करंजी तिच्यासमोर ठेवली आणि ती उचलणार तोच परत ओढून घेतली. "ही आज खायची नाही. हिच्या बदल्यात कढई आणायची. त्या कढईतून उद्या दुप्पट करंज्या होतील. त्याही खायच्या नाहीत, त्यांच्या बदल्यात भट्टी आणायची. मी गेलो तेव्हा कारखान्यात नवी कोरी भट्टी होती, आणि खाटकाच्या दुकानात मटण नव्हतं. त्या हिवाळ्यात कोळसाही कमी पडला. पुढच्या वर्षी तर देशाचं उत्पन्न वाढायच्या ऐवजी घटलं."

"नाइन्टीन सिक्स्टी-थ्री. पुस्तकात आहे." उर्वी त्या करंजीकडे बघत होती. "मग खायचं कधी?"

"उद्या, म्हणायचे."

"आणि उद्या आला की?"

"उद्या आला की परत उद्या."

चंदाबाई तेल गाळायची जाळी धूत होत्या. नळ चालू होता. त्यांनी तो बंद केला.

"म्हणजे लोक वाईट होते?" उर्वीनं विचारलं.

"नाही गं. तुला एक सांगतो, हे नीट लिही. माझा बाप नागपूरच्या मिलमध्ये होता. विणकाम खात्यात त्याला पाय ठेवू देत नसत, कारण धागा तोंडानं ओढावा लागे आणि आमचं तोंड लागलेलं चालत नसे. आणि ब्रनोच्या त्या फाउंड्रीत, आम्ही उन्हाळ्यात काम शिकायला जायचो तिथं, पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या ओतकाऱ्यानं आपल्या थर्मासचं झाकण भरून मला चहा दिला आणि मग त्याच झाकणातून स्वतः प्याला. मी किती वेळ बघत राहिलो. त्या लोकांनी लढाईत घरं गमावली होती. आपल्या पोरांना चांगले दिवस यावेत म्हणून ते आज उपाशी राहायला तयार होते. त्यांना कोणी खोटं सांगितलं असेल. ते स्वतः खोटे नव्हते."

सुहासनं उचललेलं लाटणं तसंच हातात धरलं. ही गोष्ट त्यानं आधी ऐकली नव्हती.

उर्वीनं कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला. "ओके. समर हॉलिडेमध्ये तुम्ही घरी जात होते?"

हा प्रश्न या घरात नवा नव्हता. त्याचं उत्तरही सगळ्यांना पाठ होतं. परवानगी मिळत नसे. साडेपाच वर्षं सरकारनं सोडलं नाही, म्हणून सुहासचा जन्म, त्याचं पहिलं पाऊल, शेजारच्या काकांना त्यानं 'बाबा' म्हणणं, यातलं काही काशीनाथांना बघता आलं नाही. चंदाबाईंनी हे उत्तर सासूला दिलं होतं, आईला दिलं होतं, वस्तीतल्या तोंडाळ बायकांनाही दिलं होतं.

काशीनाथांनी फोनच्या लाल ठिपक्याकडे पाहिलं. मग नातीच्या तोंडाकडे.

"पहिल्या दोन उन्हाळ्यांत नाही मिळाली," ते म्हणाले. "तिसऱ्या उन्हाळ्यात मिळाली होती. तिकीटसुद्धा. मी गेलो नाही."

कढईतलं तेल तडतडलं. अलकानं गॅस बंद केला.

"काहून?" चंदाबाईंनी विचारलं. पंचावन्न वर्षं इंग्लंडमध्ये राहूनही काही शब्द त्यांच्या तोंडून नागपूरचेच निघत.

"आमची बारा जणांची टोळी होती. त्यांनी हात वर करून मला पुढारी निवडलं. मला, चंदा. अकरा गोऱ्या माणसांनी. उन्हाळ्याचं टार्गेट मोठं होतं. मला वाटलं, आत्ता निघून गेलो तर म्हणतील, बघा, यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ." ते थांबले. "पुढच्या वर्षी परवानगी खरंच नाही मिळाली."

"मी अडीच वर्षांचा होतो," सुहास म्हणाला. कोणाला ऐकवायला म्हणाला असं वाटलं नाही. लाटणं खाली ठेवून तो मागच्या दारातून बाहेर गेला आणि कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला.

धम्मशीला उठायला लागली. "बसून राहा," आई म्हणाली. "त्याला उभं राहू दे."

उर्वीनं फोन बंद करायला हात पुढं केला होता. चंदाबाईंनी तोही थांबवला. त्या टेबलाशी आल्या, खुर्ची ओढून नवऱ्यासमोर बसल्या. त्यांचे हात ओले होते, कोपरांना आणि नखांखाली अजून पीठ होतं. राग आला होता, नाही असं नाही. पण रागाच्या खाली दुसरं काही होतं. झाकणातून चहा पिणारा तो म्हातारा त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मिलमधून येऊन घराच्या उंबऱ्याशी बसणारे सासरे त्यांनी पाहिले होते. अकरा हात वर गेलेले बघून तेवीस-चोवीस वर्षांच्या त्या पोराला काय वाटलं असेल, हे या खोलीत फक्त त्यांनाच कळू शकत होतं.

"त्या उन्हाळ्यात किती वाढलं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तुमच्या कारखान्याचं. तुम्ही थांबलात त्यानं किती वाढलं, ते सांगा. मला कळू द्या."

काशीनाथांनी डोळे मिटले. "बारा टक्के जास्त माल ओतला. वर्तमानपत्रात आलं होतं. एका यंत्राच्या चौकटी होत्या. मधल्या काळात ते यंत्रच बदललं होतं, पण योजना बदलायला कोणी गेलं नाही. हिवाळाभर चौकटी आवारात बर्फाखाली पडल्या. मार्चमध्ये परत भट्टीत टाकल्या. क्रेनखाली मीच उभा होतो."

"म्हणजे सगळं परत वितळवलं."

"सगळं."

उर्वी रडत होती, आणि आपण रडतोय हे रेकॉर्ड होऊ नये म्हणून तोंडावर बाही दाबून धरत होती. काशीनाथांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरा हात टेबलावर पडून होता. चंदाबाईंनी आपला ओला हात त्यावर ठेवला.

"मला तिथला किल्ला नाही बघायचा," त्या म्हणाल्या. "मला ते आवार बघायचंय. त्या पत्त्यावर मी साडेपाच वर्षं पत्रं टाकली. त्या गावात असं काय होतं, की माझा माणूस तिथं राहिला, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. भांडायला नाही चालले. आणि पुढच्या वर्षी तर नाहीच."

सुहास दारात येऊन उभा होता. केव्हा आला कळलं नाही. बुटांना ओली पानं चिकटली होती.

"ऑपरेशनची तारीख आली तर?" त्यानं विचारलं. आवाजात आता हुकूम नव्हता, नुसतीच काळजी होती.

"फोन करून सांगायचं, पाच दिवस गावाला आहेत," अलका म्हणाली. "नवीन तारीख मागून घ्यायची. एवढ्यानं लिस्टवरून नाव काढत नाहीत. एअरपोर्टवर व्हीलचेअर मिळते. गोळ्या मी देते."

"हे तू आधी का नाही बोललीस?"

"मला कोणी विचारलं होतं? तुम्ही दोघं भाऊबहीण फोनवर ठरवून आला होतात."

धम्मशीलानं भावाकडं बघून खांदे उडवले. "मी मघाच बाजू बदलली, दादा. तुला सांगायचं राहिलं."

सुहासनं बूट काढले. वडिलांच्या खुर्चीमागून जाताना तो क्षणभर थांबला. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही हे त्याला ठरवता आलं नाही, आणि शेवटी खुर्चीच्या पाठीवरच ठेवला. काशीनाथ वळले नाहीत, पण किंचित मागे टेकून बसले. मग त्यानं बॅगेतून लॅपटॉप काढला, पीठ झटकून टेबलावर जागा केली आणि विद्यापीठाचा फॉर्म उघडला.

"नावं झाली. जन्मतारखा झाल्या. जेवण, व्हेजिटेरियन. व्हीलचेअर, येस." तो वाचत गेला. "बुधवारी शहर दाखवणार. गुरुवारी दिवसभर कॉन्फरन्स. बाबा, इथं विचारलंय, तुम्ही गुरुवारी स्टुडंट्ससमोर बोलणार का? त्या काळच्या आठवणी. सकाळी दहा ते चार, सहा ग्रुप आहेत."

"मुलं आहेत?" काशीनाथ ताठ बसले. त्यांच्या चेहऱ्यावर तो मघाचा उजेड आला. "हो लिही. त्यांना सांगण्यासारखं..."

ते मध्येच थांबले. चंदाबाईंनी वर पाहिलं नव्हतं. नखाखालचं पीठ त्या काढत होत्या, सावकाश, एकेका बोटाचं.

"गुरुवारी ते आवार बघायला जायचं," काशीनाथ म्हणाले. "आम्ही दोघं. तिथं 'नाही' लिही."